साडेअकरा हजारांचा प्रोजेक्टर आणि माजघरातला शीशमहाल

प्रोजेक्टर सासूबाईंसाठी घेतला, असं मी घरात सांगितलं होतं. ते निम्मं खरं होतं. गेल्या वर्षी फेब्रुवारीत आई न्हाणीघरात घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आता वॉकर घेऊन घरात हिंडतात, पण थिएटरच्या पायऱ्या चढणं संपलं. आमचा टीव्ही बत्तीस इंची आणि तोही ओटीवर, जिथे येणारा-जाणारा टेकतो. मोबाइलवर काही दाखवायला गेले की चष्मा पुसत म्हणायच्या, "अगो, यात माणसं मुंगीएवढी दिसतात."

उरलेलं निम्मं माझं. मला राजेरजवाड्यांच्या प्रेमाचे पिक्चर आवडतात. महाल, झुंबरं, चोरून पाठवलेले खलिते, बापाचा हुकूम, बेड्या, ताटातूट, आणि शेवटी कुणीतरी भिंतीत नाहीतर ज्वरात संपणार. हे सगळं मला मनापासून हवं असतं. मी रत्नागिरीतल्या एका शाळेत ३१ वर्षं इतिहास शिकवला. दर जूनमध्ये नव्या वर्गाच्या फळ्यावर पहिला शब्द लिहायचे तो 'पुरावा'. सिनेमा म्हणजे इतिहास नव्हे, हे मुलांना इतक्या वेळा सांगितलं की ती माझ्या आधी म्हणायची. आणि रात्री सगळे झोपले की गोधडीत मोबाइल घेऊन, कानात इअरफोन घालून, मी तेच बघत रडत असायचे. एकदा शिक्षकखोलीत कुणीतरी असले पिक्चर बघून रडणाऱ्या बायकांबद्दल बोललं, आणि मी मान डोलावली. ती मान डोलावल्याचं मला अजून वाईट वाटतं.

तर आता प्रोजेक्टरबद्दल. ऑनलाइन घेतला, ११,४९९ रुपयांना, गुढीपाडव्याच्या सुमारास. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पहिला आला तो खराब होता आणि बदलून मिळायला अकरा दिवस आणि सात फोन लागले. शिवाय या किमतीत मिळणाऱ्या सगळ्यांची जात साधारण एकच. आत एक एलईडी दिवा, एक एलसीडी पट्टी, समोर भिंग, मागे पंखा. आकार शिंकाळ्यात मावेल एवढा. पहिल्यात धूळ अडकली होती, त्यामुळे पडद्याच्या उजव्या अंगाला एक काळा ठिपका कायम दिसायचा. कुणी राणी त्या बाजूला येऊन उभी राहिली की ठिपका नेमका गालावर. आलं की लगेच पांढरी भिंत किंवा कागद दाखवून तपासा आणि परत करायची मुदत संपायच्या आत बोला. दुसरा आला तो स्वच्छ आला, आणि आज सव्वा वर्ष चालू आहे, मधला एक अख्खा पावसाळा धरून.

खोक्यावर ९,००० लुमेन असं ठळक छापलंय. त्यावर जाऊ नका. उजेड मोजायचं जे खरं माप आहे त्याला आन्सी लुमेन म्हणतात, आणि असले छोटे प्रोजेक्टर त्या मापाने दोन-तीनशेच्या घरात असतात. याचा अर्थ दिवसा पडदे ओढूनही चित्र फिकट दिसणार. आमच्या माजघराला एकच खिडकी, तीही फणसाच्या झाडाकडे उघडणारी, म्हणून संध्याकाळी साडेसातनंतर तिथे मिट्ट काळोख होतो. जुन्या घरांचा हा एक फायदा. मुंबईच्या फ्लॅटमध्ये रस्त्याचे दिवे आत येतात, तिथे हाच प्रोजेक्टर तुम्हाला आवडेल असं मी सांगणार नाही.

पडद्यावर बरेच दिवस घातले. चिऱ्याच्या भिंतीला चुना आहे, पण ती उंचसखल, त्यामुळे सरळ भिंतीवर पाडलं तेव्हा बादशहाचं नाक दोनदा वळलं. पांढरी चादर लावली तर तिच्या चुण्या तोंडावर. शेवटी बाजारातून मोठ्या पन्ह्याचं जाड सुती कापड आणलं, वर-खाली नेफे शिवले आणि दोन्हींत चिव्याच्या काठ्या घातल्या. खालच्या काठीच्या वजनाने कापड ताठ राहतं. खर्च सहाशेच्या आत. नऊ फुटांवरून बरोबर शंभर इंची चित्र पडतं, म्हणजे सव्वासात फूट रुंद आणि चार फुटांहून थोडं उंच. पलंग सरकवून आईंना मधोमध बसवलं. पाठीला लोड, पायाखाली पाट.

पहिलाच पिक्चर 'मुघल-ए-आझम' लावायचा हे ठरलेलं होतं. तो ५ ऑगस्ट १९६० ला मुंबईत 'मराठा मंदिर'ला लागला. आई तेव्हा १६ वर्षांच्या. त्या वर्षी दिवाळीनंतर मामाकडे बोटीने मुंबईला गेल्या, आणि मामाने सगळ्या भाच्यांना नेऊन हा पिक्चर दाखवला. ती गोष्ट मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकत्येय. बोटीत लागलेली उलटी, मामीची उसनी साडी, पडद्यावरची मधुबाला, सगळं एकाच दमात.

पिक्चर सुरू झाला. पाच मिनिटं झाली असतील, आई एकदम म्हणाल्या, "अगो, हा तो नव्हे."

मला कळेना. पृथ्वीराज कपूर समोर दिसतायत, वाळवंटातून पायी चाललेत, मग हा तो कसा नव्हे?

"हा रंगीत आहे. तो काळापांढरा होता. रंग फक्त आरशांच्या गाण्याला आला होता."

त्यांचं बहुतेक बरोबर होतं. आम्ही लावली होती ती २००४ मध्ये संगणकावर रंगवून पुन्हा प्रदर्शित केलेली प्रत. मूळ पिक्चरचा बहुतेक भाग कृष्णधवल, शीशमहालातलं गाणं आणि आणखी थोडा भाग तेवढा टेक्निकलरमध्ये. दिग्दर्शक के. आसिफना पुढे सगळाच पिक्चर रंगीत करायचा होता, पण आधीच इतकी वर्षं आणि इतका पैसा गेला होता की ते राहून गेलं. मी हे वाचलेलं होतं, पण वाचलेलं आणि एकाहत्तर... छे, पासष्ट वर्षं डोळ्यांत धरून ठेवलेलं, यात फरक असतोच.

मग माझ्या भाच्याने रिमोट घेतला. प्रोजेक्टरच्या चित्राच्या सेटिंगमध्ये रंगाचा एक आकडा असतो, आमचा पन्नासवर होता. त्याने तो शून्यावर आणला. माजघर एकदम राखाडी झालं, चंदेरी. आई काही बोलल्या नाहीत, फक्त लोडावरून पुढे सरकल्या. दोन तास आम्ही तो तसाच पाहिला. सलीम अनारकलीच्या चेहऱ्यावरून पीस फिरवतो, मागे बडे गुलाम अली खाँसाहेब गातायत, आणि चित्रात काळा, पांढरा आणि त्यांच्या मधल्या पंधरा-वीस छटा एवढंच. त्या प्रसंगात दोघं जवळजवळ बोलतच नाहीत. शंभर इंचांवर मधुबालाच्या पापणीची थरथर दिसते. मोबाइलवर हा प्रसंग मी वीसेक वेळा पाहिला असेन, ती पापणी कधी दिसली नव्हती.

आणि शीशमहालाचं गाणं आलं. भाचा रिमोट धरून बसला होता, मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. सुरुवातीलाच त्याने आकडा भराभर वर नेला, शून्य, दहा, तीस, पन्नास. लाल, केशरी, हिरवं, सोनं, सगळं त्या सुती कापडावर उगवलं. छतातल्या आरशांत शंभर अनारकली फिरायला लागल्या आणि खालच्या शेणाने सारवलेल्या जमिनीवरसुद्धा लालसर उजेड पसरला. आईंनी तोंडावर पदर धरला. "हां," म्हणाल्या, "असं झालं होतं. अस्संच. थिएटरात सगळे एकदम 'ओ' म्हणाले होते." शेजारच्या माईंनी, ज्यांनी हा पिक्चर जन्मात पाहिला नव्हता, त्यांनीही 'ओ' म्हटलं.

साडेअकरा हजारांच्या वस्तूकडून मी याहून काही मागणार नाही. रंग अचूक आहेत असं नाही. लाल थोडा भडक येतो आणि त्वचा जरा पिवळट. तापमानाचं सेटिंग 'वॉर्म'वर ठेवलं की मात्र जरीचं सोनं सोन्यासारखं दिसतं, आणि या पिक्चरांत जरीचं सोनं सांभाळलं की बरंच काही सांभाळलं जातं.

काळा रंग ही याची खरी दुखरी बाजू. दिवा सतत पेटलेला, आणि पट्टी उजेड पूर्ण अडवू शकत नाही, म्हणून काळं हे गडद राखाडी होतं. मशालीच्या उजेडातली भेट, तळघरातली कैद, मध्यरात्री घोड्यावरून पळणं, अशा प्रसंगांत कोण कुठे उभा आहे हे आवाजावरून ओळखावं लागतं. 'पाकीझा' सिनेमास्कोप, म्हणजे चित्र जास्तच रुंद, त्यामुळे वर-खाली पट्टे राहतात, आणि ते पट्टे धुरकट दिसतात. मी पडद्याच्या वर-खाली काळं कापड टाचलं, तेवढ्याने चित्र उठून आलं.

पण त्याच 'पाकीझा'त भिंतीने मला आणखी एक गोष्ट दाखवली. तो पिक्चर तयार व्हायला सुमारे पंधरा वर्षं लागली. एका प्रसंगात मीनाकुमारी भरल्या चेहऱ्याची, तरुण. पुढच्याच प्रसंगात गाल बसलेले, डोळ्यांखाली थकवा, मान जरा जड. गोष्टीत मधे काही महिनेच गेलेले असतात, बाईची मात्र वर्षं गेलेली. पिक्चर ४ फेब्रुवारी १९७२ ला लागला आणि ३१ मार्चला ती गेली. हे माहीत असून त्या चेहऱ्याकडे एवढ्या मोठ्या आकारात बघणं मला जमलं नाही, मी आत जाऊन चहा ठेवला. आगगाडीची शिट्टी स्वयंपाकघरात ऐकू येत होती.

आवाजाचं सांगते, कारण इथे बहुतेक जण फसतील. आतला स्पीकर पाच वॅटचा. मे महिन्यात तो पुरला. जूनमध्ये कौलांवर पाऊस सुरू झाला आणि पडवीच्या पत्र्याने त्यात ताशे वाजवले, तेव्हा दिलीपकुमार काय म्हणतायत हे विचारायची सोय राहिली नाही. दिलीपकुमार मुळातच हळू बोलणार. खाँसाहेबांना एका गाण्याचे २५,००० रुपये दिले होते असं सांगतात, आणि या स्पीकरमधून त्यांचा आवाज डब्यातून आल्यासारखा यायचा. मग घरातला जुना मोठा स्पीकर ब्लूटूथने जोडला, तर आवाज ओठांच्या मागे पडायला लागला. थप्पड आधी दिसते, मग वाजते. विनोदी पिक्चरात चालून जाईल, इथे नाही. बापाने मुलाला मारलेल्या थपडेवर अख्खा प्रसंग उभा असतो. ऐंशी रुपयांची ऑक्सची वायर आणली आणि प्रश्न मिटला. वायरच लावा.

मोबाइलवरून पडद्यावर पाडायला जाल तर पैसे भरून घेतलेल्या ॲपमध्ये नुसता आवाज येतो आणि चित्र काळं राहतं. ते प्रोजेक्टर बिघडल्याचं लक्षण नव्हे. चोरी होऊ नये म्हणून कंपन्यांनी केलेला तो बंदोबस्त. टीव्हीला लावायची स्टिक एचडीएमआयमध्ये खुपसली की सगळं सुरळीत. मला हे कळेपर्यंत एक अख्खा शनिवार गेला आणि पाच बायका नुसत्या उकडलेल्या आठळ्या खाऊन घरी गेल्या.

लाइट जाते, हे कोकणात सांगायला नको. प्रोजेक्टर ६५ वॅटचा, इन्व्हर्टरवर आरामात तीन तास निघतो. पण लाइट जाऊन इन्व्हर्टर लागायच्या त्या क्षणभरात तो बंद पडतो आणि पुन्हा सुरू व्हायला दीड मिनिट घेतो. जुलैत एका रात्री चार वेळा झालं. चौथ्या वेळी काळोखात माई म्हणाल्या, "आता तिचं काय झालं असेल?" आणि जो तो आपापला अंदाज सांगायला लागला, तेवढ्यात ती परत आली.

पहिल्या पावसाला वाळवीची पाखरं उजेडाच्या झोतावर येतात, पडद्यावर त्यांच्या मोठाल्या सावल्या. खिडकीला जाळी नसेल तर त्या आठवड्यात लावूच नका. बुरशीसाठी प्रोजेक्टर तांदळाच्या रिकाम्या डब्यात, सिलिकाच्या पुड्या घालून ठेवते. भिंग अजून स्वच्छ आहे.

आता 'बाजीराव मस्तानी'. हा आम्ही श्रावणात लावला. इथे माझ्यातली बाई आणि माझ्यातली शिक्षिका यांचं जुनं भांडण आहे. पेशव्यांचं घराणं मूळ आमच्या कोकणातलं, श्रीवर्धनचं. बाळाजी विश्वनाथ तिथून घाटावर गेले. काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचतात ते गाणं २०१५ मध्ये आलं तेव्हा केवढा वाद झाला, आणि तो उगाच नव्हता. काशीबाईंना पायाचं दुखणं होतं, आणि पेशव्यांच्या घरातली बाई अशी चारचौघांत नाचेल हे त्या काळाशी जुळत नाही. अनारकलीचंही तेच. अकबरनाम्यात ती नाही, जहांगीरच्या, म्हणजे सलीमच्याच, स्वतःच्या आठवणींत नाही. सलीमने बापाविरुद्ध बंड केलं ते गादीसाठी. हे सगळं मी आधीही सांगायचे, आताही मध्यंतरात सांगते. आधी सांगताना पिक्चर आवडल्याची मनात चोरी असायची. आता नसते.

ती चोरी कशी गेली ते मला माहीत आहे. माझं माहेर कुडाळकडचं. लहानपणी जत्रेला बाबांच्या मांडीवर बसून रात्र रात्र दशावतार पाहिला. रंगमंचावर एक बाकडं, तेच सिंहासन. पायपेटी, मृदंग, झांज. पुरुषच राणी व्हायचा आणि पदर सावरत असा विलाप करायचा की बायका हुंदके द्यायच्या. संवाद कुठे लिहिलेले नसत, उभ्या उभ्या रचलेले. तो राजा कोणत्या शतकातला, त्याचा पुरावा काय, हे कुणी विचारलं नाही. बाबा स्वतः हिशेबनीस, पै-पैचा पुरावा मागणारे, पण तिथे डोळे पुसायचे. मी विचारलं तर म्हणायचे, "रात्रीचो राजा, सकाळी कपाळार बोजा. पण रात्री तो राजाच असता गे." शाळेत शिकवताना मी बाबांचं ते वाक्य विसरले होते. माजघरात नऊ-दहा माणसं एकत्र नाक ओढताना ऐकली आणि आठवलं.

बाजीराव नर्मदेकाठी रावेरखेडीला २८ एप्रिल १७४० ला वारले. पिक्चर तिथे थांबतो. दिवा लावल्यावर मी सांगितलं की मस्तानीही त्याच वर्षी गेली, आणि त्यांचा मुलगा समशेर बहाद्दर १७६१ ला पानिपतावर लढला आणि त्या जखमांनी गेला. कुणी उठेना. मग माई हळूच म्हणाल्या, "आपल्या थिबा राजाच्या पोरीचंही असंच की."

ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ ला पदच्युत करून पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. तो राजवाडा आमच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर. राजा तिथे १९१० ला राहायला गेला आणि १९१६ ला तिथेच वारला. त्याच्या थोरल्या मुलीचं मन जडलं ते पहारेकऱ्यावर, आमच्याच इथल्या माणसावर. त्यांची मुलगी याच गावात वाढली, इथलीच होऊन राहिली, मराठी बोलली. माईंच्या आईने तिला बाजारात पाहिलेलं. मी दरवर्षी सहलीला मुलांना तो वाडा दाखवायचे, खिडक्यांची लाकडी नक्षी दाखवायचे, सनावळ्या सांगायचे. त्या मुलीचं एकदाही सांगितलं नाही. माझ्याकडे तेव्हा त्याला जागा नव्हती. त्या रात्री सांगितलं, आणि भाचीने विचारलं, "मावशी, तुला हे सगळं माहीत होतं?"

भाचीच्या आवडीचा एक इंग्रजी पिक्चरही लावला, २००५ चा 'प्राइड अँड प्रेज्युडिस'. त्यात मागणी घालायचा प्रसंग धो धो पावसात आहे, आणि त्याच वेळी आमच्या कौलांवरही तसाच कोसळत होता. आईंना इंग्रजी येत नाही. शांतपणे बघून म्हणाल्या, "मागणी घालतोय आणि भांडतोयही. हे टिकेल."

घ्यावा का, असं मला आतापर्यंत तिघींनी विचारलं. क्रिकेटसाठी, दिवसा बघायला, एकट्याने बघायला घेणार असाल तर टीव्हीच बरा. संध्याकाळी काळोख होणारी खोली, ताणून बसवलेलं कापड, वायरने जोडलेला स्पीकर आणि शेजारीपाजारी एवढं असेल तर घ्या. तीन तासांच्या पिक्चरला पंख्याची घरघर चालू राहते आणि पाठीमागून गरम वारा येतो, म्हणून कापडी पडद्याजवळ किंवा उशीवर ठेवू नका. मध्यंतराला दहा मिनिटं बंद ठेवते, तेवढ्यात चहा होतो.

येत्या शनिवारी पुन्हा 'मुघल-ए-आझम'. आईंनी मागितलाय. आता रंगाचा आकडा कुठे असतो ते त्या शिकल्यात, आणि गाण्याच्या वेळी रिमोट आपल्या हातात द्यायचा, असं त्यांनी भाच्याला बजावून ठेवलंय.